ढाल आणि पातं

बँकेच्या लॉकररूमला स्वतःचा एक वास असतो. लोखंड, डांबराच्या गोळ्या, जुने मखमली डबे आणि वर्षानुवर्षं कोंडलेली हवा, असा काहीसा. नोकरीतली बरीच वर्षं तो माझ्या नाकात होता. निवृत्त झाल्यावरही एखादं जुनं कपाट उघडलं की तो येतो, आणि त्याच्यामागून माणसं येतात. त्यातले एक मास्तर.

१९८६ सालचा उन्हाळा. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा, अलिबागकडच्या एका शाखेत दुय्यम अधिकारी. मास्तर सत्तरीचे, निवृत्त शाळाशिक्षक, बेने इस्राएल. त्या समाजाचं एक-एक घर किनाऱ्यावरून उठून इस्रायलला चाललं होतं, तसं शेवटी त्यांचंही उठणार होतं. दोन्ही मुलं अशदोदला होती. मास्तर लॉकर बंद करायला आले होते. लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक ग्राहकाची. बँकेची मी फिरवली आणि शिष्टाचाराप्रमाणे बाहेर जायला वळलो, तर मागून हाक आली, "साहेब, जरा हात द्या हो. कप्पा अडकलाय."

"मास्तर, मला साहेब नका म्हणू," मी म्हटलं.

"बँकेत साहेब. घरी जेवायला याल तेव्हा बाळ."

कप्पा निघाला. आत दागिने नव्हते. बायकोच्या चार बांगड्या त्यांनी आधीच नेल्या होत्या. एक शिसवी पेटी होती, हार्मोनियमच्या सुरांच्या पेटीपेक्षा बरीच लहान, आणि कापडात बांधलेली एक वही. पेटीत निळ्या मखमलीत खळगे केलेले, आणि प्रत्येक खळग्यात एकेक वस्तू: वीतभरही नसलेला एक चाकू, त्याला दोन्ही बाजूंनी धार, चांदीचा एक चपटा तुकडा, वीणेच्या आकाराचा, मधोमध उभी फट असलेला, एक बोथट सळई, बुचाची छोटी बाटली, आणि दोन वाट्या. ग्राहकाच्या लॉकरमध्ये डोकावू नये, हा बँकेतला पहिला धडा. तो मी त्या दिवशी विसरलो.

"हे काय आहे, मास्तर?"

"हत्यारं," ते म्हणाले. "सुंतेची. आमच्या चुलत्यांची, त्यांच्याआधी त्यांच्या वडिलांची. मग माझी."

रविवारच्या चहाबरोबर हा विषय कसा काय, असं काही वाचकांना वाटेल. वाटू द्या. मुलग्याच्या जननेंद्रियाच्या टोकावरची त्वचा काढून टाकण्याचा हा संस्कार, जगातल्या सगळ्यात जुन्या आणि आजही खूप वेळा होणाऱ्या शस्त्रक्रियांपैकी एक. ज्यू समाजात ती जन्मानंतर आठव्या दिवशी होते, मुसलमान समाजात बहुधा काही वर्षांनी. आपल्याकडे ह्या शब्दाभोवती एक तर विनोद असतात, नाहीतर दंगलींच्या आठवणी. त्या दोन्हींच्या मधे जे हत्यार असतं, ते कुणी घडवलं, तसंच का घडवलं, हे कुणी विचारत नाही. मलाही त्या दिवसापर्यंत पडलेला प्रश्न नव्हता. पुढे मात्र वाचत गेलो. बँकेच्या माणसाला तारणाची वस्तू दिसली की तिचा पूर्वेतिहास पाहायची खोड असते.

पूर्वेतिहास दगडापर्यंत जातो. इजिप्तमध्ये सक्कारा इथं अंखमाहोर नावाच्या अधिकाऱ्याची कबर आहे, ख्रिस्तपूर्व २३०० च्या आसपासची. तिच्या भिंतीवर कोरीव चित्र आहे: दोन तरुण उभे, समोर गुडघ्यावर बसलेले दोन शल्यकर्मी. एका तरुणाचे हात मागून एकानं घट्ट धरलेत. सोबतच्या मजकुराचा आशय असा की, धरून ठेव, बेशुद्ध पडू देऊ नकोस. आणि धरणारा म्हणतो, तुम्ही म्हणाल तसं. चार हजारांवर वर्षं झाली, पण ऑपरेशनच्या टेबलापाशी आजही हेच संवाद होत असतील. शल्यकर्म्याच्या हातात लांबट गोल वस्तू आहे. ती गारगोटीची, म्हणजे चकमकीच्या दगडाची पाती असावी, असं बरेच अभ्यासक मानतात. काहींना ती मलमाची वडी वाटते.

बायबलच्या जुन्या करारात मात्र शंका नाही. मोशेची बायको सिप्पोरा वाटेवरच्या मुक्कामात आपल्या मुलाची सुंता करते ती चकमकीच्या दगडानं. पुढे यहोशवालाही चकमकीच्याच सुऱ्या करायची आज्ञा होते. ग्रीक भाषांतरात तर अशी भर आहे की, यहोशवा मेला तेव्हा त्या सुऱ्या त्याच्याबरोबर पुरल्या. हे ग्रंथ लिहिले गेले तेव्हा धातू होता, चांगली शस्त्रंही होती. मग दगड का? एक कारण धर्माचं. जुन्या विधीत जुनंच साधन चालतं. आपणही होमाला अग्नी अरणीतून काढतो, आगपेटी खिशात असली तरी. दुसरं कारण व्यवहाराचं आहे आणि ते मला जास्त पटतं. चकमक नुकतीच फोडली तर तिची कड त्या काळच्या कुठल्याही धातूपेक्षा धारदार निघते. शिवाय ती कोरी असते. तिनं आधी कुणाला कापलेलं नसतं. जंतू ही कल्पना नसलेल्या जगात ही केवढी मोठी गोष्ट होती!

पुढे ज्यू धर्मशास्त्रात साधनांवर बरीच चर्चा झाली, आणि ती वाचताना मला एखाद्या चांगल्या बँक मॅन्युअलची आठवण आली. कापेल त्या कशानंही सुंता चालते, दगडानं, काचेनं. पण बोरूनं, वेताच्या कांबीनं नाही. कारण स्पष्ट दिलंय: कांबीची कुसळं निघतात आणि ती जखमेत जातात. हे वाचून मी थबकलो, कारण आपल्याकडे खेडोपाडी सुईणी बाळाची नाळ बांबूच्या कांबीनं नाहीतर विळ्यानं कापत, आणि धनुर्वातानं किती बाळं गेली त्याची मोजदाद कुणी ठेवली नाही. जखमेवर काय लावायचं तेही ठरलेलं: जिरं. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी सुंता आली आणि जिरं आदल्या दिवशी कुटून ठेवायला विसरलं, तर काय? शब्बाथला कुटणं म्हणजे काम. तर दातांनी चावून लावा, असा निर्णय आहे. मास्तरांच्या पेटीतली ती छोटी बाटली मी उघडून पाहिली तेव्हा तळाशी करडी पूड होती. वास गेलेला होता. जिरं होतं की आणखी काही, कोण जाणे.

आपल्या सुश्रुतानं सुंता सांगितलेली नाही, सांगण्याचं कारणही नव्हतं. पण त्याच अवयवाचा एक विकार त्यानं 'निरुद्धप्रकश' नावानं दिला आहे. त्वचा मागे सरत नाही, लघवी अडते. त्याच्यावर त्याचा पहिला उपाय कापण्याचा नाहीच. दोन्ही तोंडं उघडी असलेली एक नळी घ्यायची, लोखंडाची, लाकडाची किंवा लाखेची. तिला तूप माखायचं. आणि दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड नळी घालत वाट हळूहळू रुंद करायची. १०१ यंत्रं आणि २० शस्त्रं मोजून सांगणारा हा माणूस. शस्त्राची धार केस कापेल इतकी हवी आणि ती टिकावी म्हणून शाल्मलीची, म्हणजे सावरीची फळी जवळ ठेवावी, इथपर्यंत त्याचा तपशील जातो. इतकी हत्यारं हाताशी असताना कापणं पुढं ढकलणाऱ्या वैद्याबद्दल मला तरी आदर वाटतो.

ह्या विषयावर सविस्तर लिहिणारा सर्वांत लोभस लेखक मात्र स्पेनमधला. अबुल कासिम अल झहरावी, कॉर्डोव्याजवळचा, सन १०१३ च्या सुमारास वारला. त्याच्या 'अत् तसरीफ' ह्या तीस भागांच्या वैद्यकग्रंथाचा शेवटचा भाग शस्त्रक्रियेचा, त्यात सुमारे दोनशे हत्यारांच्या आकृत्या. बाराव्या शतकात तोलेदोला त्याचं लॅटिन भाषांतर झालं आणि युरोपचे शल्यविशारद पुढची काही शतकं त्याच्यावर शिकले. मुलांच्या सुंतेच्या प्रकरणात तो सुरुवातीलाच कबूल करतो की, जुन्या ग्रीक वैद्यांनी ह्यावर काही लिहिलेलं नाही, कारण त्यांच्यात ही चाल नव्हती. तेव्हा मी अनुभवानं शिकलो तेच सांगतो. मग तो चालू पद्धती तपासतो. कुणी वस्तरा वापरतात, कुणी कडं लावतात, कुणी नुसता दोरा बांधतात. त्याचा कौल कात्रीला. दोन पाती समोरासमोर येतात, त्वचा सरकत नाही, काप सरळ येतो. आधी दोऱ्यानं बांधून हद्द ठरवायची आणि मग कात्री. कात्रीची पाती लांबीला सारखी हवीत, हेही तो सांगतो आणि चित्र काढून दाखवतो.

आणि मग हा हजार वर्षांपूर्वीचा शल्यविशारद लिहितो की, मुलाला खुलवावं, आपण नुसता दोरा बांधणार आहोत अशी त्याची समजूत करून द्यावी, आणि कात्री अस्तनीत नाहीतर पायाखाली लपवावी, म्हणजे त्याच्या नजरेला पडणार नाही.

हे वाचलं आणि मला आमच्या रत्नागिरीकडच्या गावातला माझा वर्गमित्र आठवला. सात-आठ वर्षांचा असताना त्याला नवे कपडे घालून, गळ्यात हार घालून, घोड्यावर बसवून मिरवलं होतं. आम्हा बाकीच्या पोरांना त्याचा हेवा वाटला होता. दोन दिवसांनी तो लुंगी पुढून चिमटीत धरून ओट्यावर बसलेला दिसला आणि म्हणाला, "फसवलन रे मला. वर बघ म्हणाला, सोन्याची चिमणी." ही सोन्याची चिमणी हिंदुस्थानभर उडते. मूल वर बघतं आणि खाली हज्जामाचा वस्तरा चालतो. आपल्याकडच्या हज्जामाजवळ वस्तऱ्याच्या जोडीला बांबूची चिरलेली कामटी असायची, चिमट्यासारखी. ती लावली की पुढची त्वचा पुढं आणि मागचं मागं राहायचं. सोन्याचांदीचं काही नाही, झाडावरून काढलेली ढाल. पण तत्त्व तेच, मास्तरांच्या चांदीच्या वीणेचं.

तुर्कस्तानात ह्या चिमणीचा महाउत्सव होई. १४६५ साली अमास्या शहरातल्या शेरफेद्दिन साबुंजूओलू ह्या शल्यविशारदानं तुर्की भाषेत सचित्र ग्रंथ लिहिला, बराचसा झहरावीच्या आधारानं, आणि त्यात रंगीत चित्रांतून शस्त्रक्रिया करताना माणसं दाखवली. १५८२ साली सुलतान तिसऱ्या मुरादनं आपल्या मुलाच्या, शहाजादा मेहमेदच्या सुंतेनिमित्त इस्तंबूलला पन्नासहून अधिक दिवस सोहळा केला. नाना धंद्यांचे लोक आपापल्या कसबाचे देखावे घेऊन सुलतानासमोरून गेले आणि दरबारी चितारी उस्मान ह्याच्या हाताखाली त्याची चित्रं झाली. शहाजादा तेव्हा सोळा वर्षांचा घोडा. त्याला सोन्याची चिमणी दाखवून भागलं नसणार. ज्यानं हे काम केलं तो जर्राह मेहमेद पुढं पाशा झाला आणि १५९८ साली चक्क मुख्य वजीर. इस्तंबूलच्या एका भागाला त्याच्यावरून जेर्राहपाशा नाव पडलं आणि आज तिथं मोठं वैद्यकीय महाविद्यालय आहे. एका कापावर एवढी पदोन्नती! आमच्या प्रमोशनच्या परीक्षांना बसलेल्या मंडळींनी मनात आणू नये.

आता मास्तरांच्या पेटीकडे परत येतो, कारण सगळ्यात विचारपूर्वक घडवलेलं हत्यार तिच्यात होतं.

सुंता करणाऱ्याला ज्यू लोक मोहेल म्हणतात. युरोपातल्या मोहेलांची सतराव्या-अठराव्या शतकांपासूनची हत्यारं आज अनेक संग्रहालयांत आहेत. चाकूचं पातं दुधारी, कारण उलटसुलट पाहण्यात क्षण जाऊ नये. टोक गोल, कारण चाकू कापण्यासाठी आहे, टोचण्यासाठी नाही, आणि बाळ पाय झाडतं. मूठ मात्र कारागिराच्या हौसेची: चांदीची जाळी, हस्तिदंत, अकीक, अंबर, शिंपला. काहींवर अब्राहाम इसहाकाला वेदीवर घेऊन चाललेला कोरलेला. बरोबर दारूच्या दोन वाट्या, आणि एका झाडाची तांबडी राळ कुटून केलेल्या पुडीची डबी. ती पूड रक्त थांबवते असा समज होता. फ्रेंच लेखक मोन्तेन १५८१ च्या जानेवारीत रोममध्ये एका घरी सुंता पाहायला गेला होता, त्यानं ही तांबडी पूड टिपून ठेवली आहे.

आणि ढाल. हिब्रूत 'मागेन' म्हणजे ढाल. अलिबागच्या इस्राएल आळीतल्या सिनेगॉगचं नाव 'मागेन आबोथ', पूर्वजांची ढाल. भायखळ्याचं 'मागेन डेव्हिड'. तोच शब्द त्या दोन-तीन बोटांच्या चांदीच्या तुकड्याला. फट त्वचेवर सरकवायची. कापायचं ते फटीच्या पलीकडे, जपायचं ते अलीकडे. मधे धातू. पातं घसरलं तर ढालीवर घासेल. बाकीच्या हत्यारांना कापायचं असतं, हे एकच हत्यार कापू न देण्यासाठी केलेलं. ज्यानं ते पहिल्यांदा केलं त्याच्या हातून, किंवा त्याच्या डोळ्यांसमोर, त्याआधी काहीतरी वाईट झालेलं असणार. सुरक्षेची साधनं अशीच जन्माला येतात. बँकेतल्या प्रत्येक नियमामागेही एक अफरातफर असते.

२०१४ साली आम्ही दोघं युरोपच्या सहलीला गेलो. प्रागला आमचा सगळा ग्रूप काचसामान घ्यायला गेला आणि मी बायकोची परवानगी काढून ज्यू संग्रहालयात गेलो. काचेमागे असे चाकू, अशा ढाली पाहिल्या. तिथली मोहेलांची हस्तलिखितं विशेष. प्रत्येक मोहेल वही ठेवी: अनुक्रमांक, तारीख, बाळाचं नाव, बापाचं नाव, मांडीवर कुणी धरलं. सरकारी जन्मनोंदी नसलेल्या काळातली ही खतावणी, आज घराण्यांचा शोध घेणारे लोक तिच्यावर विसंबतात. पण त्या संग्रहालयाची हकिगत पायाखालची जमीन काढणारी आहे. जर्मन अमलात बोहेमिया-मोरावियातल्या दीडशेच्या वर ज्यू वस्त्यांमधल्या वस्तू प्रागला आणून जमा केल्या गेल्या. त्यांची सूची ज्यू कर्मचाऱ्यांकडूनच करवून घेतली: वस्तू काय, गाव कोणतं, नंबर किती. सूची करणाऱ्यांपैकी बहुतेकांना पुढे छावण्यांत पाठवलं गेलं. जवळच्या पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर सुमारे ८० हजार नावं लिहिली आहेत. मी आयुष्यभर रजिस्टरं लिहिली, तपासली, त्यांच्यावर सह्या केल्या. त्या भिंतीसमोर मला उभं राहवेना, आणि निघवेनाही.

ह्या देखण्या हत्यारांना एक दोष होता. तो कळायला फार वेळ लागला. विधीचा भाग म्हणून मोहेल जखमेतलं रक्त तोंडानं ओढून टाकत असे. जुन्या वैद्यकाच्या समजुतीप्रमाणे त्यानं जखम शुद्ध होई. १८३७ च्या सुमारास व्हिएन्नात सुंता झालेली काही बाळं आजारी पडली, काही दगावली. तिथल्या रब्बीनं प्रेसबर्गच्या विद्वान मोशे सोफेर ह्यांना विचारलं आणि त्यांनी निर्वाळा दिला की, तोंडाऐवजी बोळ्यानं किंवा कापडानं रक्त टिपलं तरी विधी पुरा होतो. धर्माच्या बाबतीत हा माणूस अत्यंत कर्मठ म्हणून प्रसिद्ध. त्याच व्हिएन्नात सेमेलवाइस डॉक्टरांना हात धुवा म्हणून विनवू लागला त्याच्या दहा वर्षं आधीची ही गोष्ट. शतकाच्या शेवटाकडे जर्मनीत काचेची नळी आली, तिनं ओढायचं. न्यूयॉर्कमध्ये ह्यावरून आरोग्यखातं आणि काही कर्मठ गट ह्यांच्यात एकविसाव्या शतकातही वाद झाले, कारण ओठांवरच्या हर्पीजचा विषाणू नवजात बाळाला मारू शकतो आणि तशी बाळं गेली आहेत.

मग लिस्टर आला, जंतू सिद्ध झाले, हत्यारं उकळायची, वाफवायची पद्धत आली. हस्तिदंत उकळत्या पाण्यात तडकतो, शिंपला निसटतो, लाकूड फुगतं. जाळीच्या नक्षीत रक्त अडकतं आणि तिथंच राहतं. एका पिढीत मुठी गुळगुळीत निकेलच्या झाल्या. ही सीमारेषा सगळ्याच शल्यहत्यारांना लागू आहे: नक्षी असेल तर १८८०-९० च्या आधीचं समजावं. ज्या कारागिरीसाठी आज लिलावात बोली लागते, तीच बाळांच्या जिवावर उठणारी होती.

ह्याच सुमारास सुंतेनं धर्म सोडून दवाखान्यात पाऊल टाकलं. १८७० साली न्यूयॉर्कच्या लुईस सेयर ह्या मोठ्या डॉक्टरनं एका मुलाच्या पायांची लुळेपणाची तक्रार सुंतेनं बरी केल्याचं जाहीर केलं आणि पुढं इंग्रजी बोलणाऱ्या देशांत फेपरं, अंथरुण ओलं करणं अशा कशावरही हा उपाय होऊ लागला. त्यातली बरीच कारणं ह्या पानावर सांगण्यासारखी नाहीत आणि शास्त्राला धरूनही नव्हती. १९३५ च्या आसपास अमेरिकेतल्या बफेलो शहरात डॉ. हायरम येलेन आणि आरन गोल्डस्टीन ह्यांनी 'गोम्को' शिकंजा काढला. घंटेसारखी टोपी, खाली भोक असलेली पट्टी, वर आडवा दांडा आणि स्क्रू. त्वचा टोपी आणि पट्टीच्या मधे दाबायची, पाच मिनिटं थांबायचं, रक्तवाहिन्या चेपल्या गेल्या की कापायचं. १९५४ साली ब्रुकलिनच्या रब्बी ब्रॉन्स्टीन ह्यांनी आणखी साधा चिमटा काढला आणि त्याचं नाव ठेवलं 'मोगेन', तीच ढाल. तो जेमतेम तीन मिलिमीटर उघडायचा, म्हणजे नको ते आत जाऊच नये. पुढे झिजलेले, वाकलेले चिमटे जास्त उघडू लागले. गोम्कोचे निरनिराळ्या संचांतले भाग एकमेकांना जोडले जाऊ लागले. २००० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाला ह्या दोन्ही हत्यारांबद्दल इशारा काढावा लागला, आणि मोगेन बनवणारी कंपनी पुढं खटल्यांत बुडाली. ढाल आहे म्हटल्यावर हात निर्धास्त होतो, हा धोका ढाल घडवणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न आकड्यांनी सोडवला. डग्लस गेर्डनर ह्या बालरोगतज्ज्ञानं १९४९ साली लेख लिहून दाखवलं की, बहुतेक मुलांची त्वचा वयानं आपोआप सुटी होते, आणि ह्या बिनगरजेच्या ऑपरेशनपायी वर्षाला सुमारे सोळा लहान मुलं मरतात, अनेक तर भूल देण्यातच. तिथं ही चाल झपाट्यानं ओसरली. उलट २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेनं आफ्रिकेतल्या एचआयव्हीचं प्रमाण जास्त असलेल्या देशांत प्रौढ पुरुषांना स्वेच्छेनं सुंतेची शिफारस केली, आणि त्यासाठी चिनी बनावटीच्या प्लॅस्टिकच्या कड्यांना मान्यता दिली. झहरावीनं हजार वर्षांपूर्वी तपासून बाजूला ठेवलेलं कडं असं परत आलं. अजाण बाळाच्या वतीनं हा निर्णय कुणी घ्यावा, ह्यावर जर्मनीत २०१२ साली कोर्ट आणि संसद दोन्ही झाली. मला विचाराल तर ज्याचं शरीर त्याला विचारता आलं तर बरं, असं वाटतं; पण आठव्या दिवसाला अडीच-तीन हजार वर्षांचं वजन आहे, हे मास्तरांच्या शेजारात राहिल्यावर नाकारताही येत नाही. मुलींच्या बाबतीत जे केलं जातं ते ह्या लेखात नाही. तो निव्वळ अत्याचार आहे.

तर मास्तर. बेने इस्राएल कोकणात आले कधी, ह्याबद्दल दंतकथा आहे: नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली. ग्रंथ बुडाले. उरलं ते शब्बाथ, काही मोजकी प्रार्थना आणि आठव्या दिवसाची सुंता. शनिवारी घाणा बंद म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. भाषा, पेहराव, तेलाचा धंदा, सगळं आपल्यासारखं. स्वातंत्र्याच्या सुमारास ते २० हजारांच्या घरात होते. आज हिंदुस्थानात त्यांच्यातले चार-पाच हजार उरले असतील. म्हणजे ही बारीक हत्यारं त्यांचा सगळ्यात जुना दस्तऐवज.

मास्तरांच्या चाकूचं पातं शेफील्डच्या वस्तऱ्यातून काढलेलं होतं आणि मूठ रेवदंड्याच्या सुतारानं केलेली. ढाल मुंबईच्या एका बगदादी ज्यू कुटुंबानं आजोबांना दिलेली. "विमानात नेऊ देतील का? किंमत लिहावी लागेल," ते म्हणाले. सोन्यावरच्या कर्जासाठी आमचे सराफ त्या दिवशी शाखेत होतेच. त्यांनी ढाल तळहातावर झेलली, कसाला लावली आणि म्हणाले, "चांदी बरी आहे. पण मोडीत काय येणार? दोन तोळेसुद्धा नाही." मास्तरांनी मान डोलावली. त्यांनी ह्या कामाचे कधी पैसे घेतले नव्हते. शनिवारी कुणाचा आठवा दिवस आला की आदल्या संध्याकाळी चालत जायचं, वस्तीला राहायचं, एवढंच.

मग त्यांनी वही उघडली. मराठीत, शाळामास्तरी वळणदार अक्षरात. अनुक्रमांक, तारीख, बापाचं नाव, गाव: नागाव, चौल, थळ, पेण, पनवेल. पानं उलटत असताना एका ओळीवर माझं बोट थांबलं. १९५२ साल. नंबर होता, नाव होतं, आणि पुढं लाल शाईत: 'केली नाही'.

"हे काय?"

मास्तर लोखंडी स्टुलावर बसले. त्या घरातला पहिला मुलगा त्यांच्या चुलत्यांच्या हातचा. आठव्या दिवशी सगळं रीतसर झालं आणि रक्त थांबेना. तिसऱ्या दिवशी गेला. दोन वर्षांनी दुसरा. तोही गेला. चुलत्यांनी त्यानंतर पेटीला हात लावला नाही. ती मास्तरांकडे आली. तिसरा मुलगा झाला तेव्हा आजीनं निरोप पाठवला. गावात कुजबुज होती की, आता मास्तरसुद्धा कच खाणार.

"तालमूदमध्ये लिहिलंय," ते म्हणाले. "दोघं भाऊ सुंतेनं गेले, तर तिसऱ्याची करू नये. मी मुंबईला जाऊन हजानला विचारून आलो. त्यांनी पान काढून दाखवलं."

हे पान मी पुढं इंग्रजीतून वाचलं. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी गालीलातल्या सिप्पोरी गावच्या चार बहिणींची हकिगत तिथं आहे. पहिलीचं बाळ सुंतेनं गेलं, दुसरीचं गेलं, तिसरीचं गेलं. चौथी रब्बी शिमोन बेन गमलिएलकडे आली. त्यानं सांगितलं, करू नकोस. दोन मृत्यू पुरे की तीन लागतात ह्यावर वाद झाला आणि पुढं दोनावर निर्णय ठरला. बहिणींच्या मुलांना एकच दोष असू शकतो, तो आईकडून येतो, हे त्या लोकांनी नुसतं बाळं मोजून ओळखलं. बाराव्या शतकात मायमोनिडीज ह्या धर्मज्ञ वैद्यानं तर लिहून ठेवलं की, बाप वेगळा असला आणि आई एकच असली तरी हाच नियम. हिमोफिलियाची नोंद आधुनिक वैद्यकात व्हायला १८०३ साल उजाडावं लागलं, फिलाडेल्फियाच्या जॉन ओटोकडून.

"आजी काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"माझ्या तोंडावर दार लावून घेतलंन. म्हणाली, पोराला ना घरचा ठेवलास ना दारचा. पाच-सहा वर्षं त्या घरचं पाणी नाही प्यालो मी. पण नंबर दिला त्याला. वहीत नंबर नको का? आठव्या दिवशी पेटी घेऊन गेलो होतो. नाव ठेवलं, प्रार्थना म्हटली, पेटी बंदच ठेवली."

बाहेर कॅशियरनं घंटा मारली. कामकाजाची वेळ संपत आली होती. मास्तरांनी लॉकर रिकामा केल्याच्या रजिस्टरवर सही केली, किल्ली माझ्या हातात दिली, पेटी आणि वही पिशवीत घातली. मी त्यांना पायरीपर्यंत सोडायला गेलो.

"आणि तो मुलगा, मास्तर?"

"आहे की. अशदोदलाच असतो, आमच्या मुलांच्या शेजारी. पडणं-लागणं सांभाळावं लागतं त्याला." पिशवी त्यांनी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली. "विमानतळावर आम्हाला न्यायला तोच येणार आहे, गाडी घेऊन."